तोंड आणण्याचं औषध

माझ्या पणजोबांना औषधाने मारलं.

मी फार्मासिस्ट आहे. 'मारलं' हा शब्द विचार करून वापरलाय.

आज त्यांची तिथी. मोतीराम पाटील, रनाळे. साल नक्की माहीत नाही. मोठी माय एवढंच सांगायची की लढाई सुरू होती आणि रॉकेल मिळत नव्हतं.

मोठी माय म्हणजे त्यांची बायको, माझी पणजी. ही हकीकत तिने मला सांगितली आणि ती जिवंत असेपर्यंत बोलायचं नाही, असा शब्द घेतला.

तिला जाऊन चार वर्षं झाली. म्हणून आता लिहिते.

पणजोबांच्या लिंगात एक कडक गाठ झाली होती. मग तिथे वाक आला. दुखायचं.

आज याला पेरोनीज डिसीज म्हणतात. आतल्या थरात व्रणासारखी कडक पट्टी तयार होते. संसर्ग नाही, कॅन्सर नाही, बाहेरख्यालीपणाशी संबंध नाही.

तेव्हा घरात एकच शब्द होता. गरमी.

त्या जागेचं काहीही दुखणं असो, गरमीच. आणि गरमी म्हणजे माणूस कुठेतरी जाऊन आलेला.

पणजोबा कुठेही गेले नव्हते.

वर्षभर ते गप्प राहिले. मग नंदुरबारच्या जिनिंगमध्ये, कापसाच्या गाड्यांच्या रांगेत, त्यांना नरोत्तमभाई भेटले. तापीकाठचे गुजर शेतकरी. ओळख नव्हती. बैलांचा कासरा धरलेला पणजोबांचा हात त्यांनी पाहिला. तळहातात गाठ, अनामिका आत ओढलेली.

"पाटील, अशी गाठ आनखी कोठे बी शे का?"

पणजोबांनी मान खाली घातली.

"लाजू नका. माले बी शे." नरोत्तमभाईंनी स्वतःचा हात उघडून दाखवला. तेच बोट, तसंच वाकलेलं.

ते सुरतेच्या डॉक्टरकडे जाऊन आले होते. डॉक्टरने सांगितलं होतं: काही जणांना हातातली आणि तिथली, दोन्ही गाठी होतात. गरमी नाही. जीव जात नाही. इंग्रजी नावही सांगितलं होतं, पण ते नरोत्तमभाईंच्या लक्षात राहिलं नाही.

हे नाव विसरणं फार महागात पडलं.

त्या हंगामात गाड्या लागल्या की दोघं एकत्र बसायचे.

"जू वाकडं व्हयनं म्हनीसन कोनी गाडी फेकी देत नही," नरोत्तमभाई म्हणाले, तेव्हा पणजोबा वर्षात पहिल्यांदा हसले. कापूस संपला की सुरतेला जायचं ठरलं.

घरी मात्र त्यांनी यातलं काही सांगितलं नाही.

मोठी माय तेव्हा विशी ओलांडलेली. नवरा जवळ येत नाही, अंग चोरतो. एकदा तिला दिसलं. घाबरून तिने जावेला सांगितलं. जावेने थोरल्या दिराला.

थोरल्या दिराने तळोद्याच्या बाजारातून एक हकीम आणला. त्याने नाडी धरली आणि म्हणाला, गरमी.

"गरमी नही शे," पणजोबा म्हणाले.

"मंग काय शे? नाव सांग!" थोरला दीर ओरडला.

त्यांच्याकडे नाव नव्हतं.

मोठी माय दाराआडून बोलली. "तोंड आणी ल्या. मंग घरमा या."

तोंड आणणे हा तेव्हाचा गरमीवरचा इलाज. पांढरी भुकटी, रोज दोनदा. बंद खोली. मीठ बंद. तोंड येतं, हिरड्या सुजतात, लाळ गळते. लाळ जितकी जास्त, तितकं विष उतरतंय असं समजायचं.

पणजोबांनी भुकटी घेतली. आजार तो नाही हे त्यांना माहीत होतं. पण घरात परत यायला दुसरं दार नव्हतं.

चौथ्या दिवशी लाळ सुरू झाली. घरात समाधान. औषध लागू पडलं.

सातव्या दिवशी नरोत्तमभाई आले. पणजोबा जिनिंगमध्ये दिसले नाहीत म्हणून विचारत विचारत आले होते; भुकटीचं त्यांना गावातच कळलं होतं. दार मोठी मायने उघडलं, अर्धंच.

"भाभी, ती गरमी नही शे. त्या औषधले हात लावू नका."

परका माणूस. नवऱ्याचं ते दुखणं याला ठाऊक. मोठी मायने एकच अर्थ काढला: हाच त्यांना तिकडे घेऊन गेला.

"तुमनाच संगे गया व्हतात ना त्या? आते काय लेवाले उनात?"

आणि दार लावलं.

ते बराच वेळ ओट्याखाली उभे होते, असं मोठी माय म्हणाली. तिला फटीतून त्यांचे जोडे दिसत होते.

बाराव्या दिवशी पणजोबांचे दोन दात हातात आले. पंधराव्या दिवशी लघवी बंद झाली. अंग सुजलं.

अठराव्या दिवशी गेले.

दहाव्याला नरोत्तमभाई पुन्हा आले. या वेळी आधी मोठी मायसमोर उजवा हात उघडला.

नवऱ्याचा असाच हात तिने रोज पाहिला होता. मग त्यांनी खालमानेने सगळं सांगितलं आणि निघून गेले. पुन्हा कधी आले नाहीत.

मी डिग्री घेऊन घरी आले, तेव्हा मोठी मायने मला जवळ बसवलं.

"तू औषधंसनं शिकेल शे ना? ती भुकटीमा काय व्हतं?"

मी लक्षणं पुन्हा विचारली. क्रमाने. दोनदा.

"रसकापूर असेल. पारा."



"मी दिधी. रोज. मन्हा हाते."

मी तिला 'तुझी चूक नाही' असं म्हणाले नाही. तिला ते नको होतं. तिला उत्तर हवं होतं.

मागच्या महिन्यात माझ्या काउंटरवर एक माणूस आला. मागे गिऱ्हाईक नाही याची खात्री करून त्याने हलक्या आवाजात कसलंसं गुप्तरोगाचं चूर्ण मागितलं. त्याने पैसे पुढे केले तेव्हा मला त्याच्या तळहातातली तीच गाठ दिसली.

मी चूर्ण दिलं नाही. चिठ्ठीवर आजाराचं नाव लिहून दिलं आणि युरॉलॉजिस्टकडे जायला सांगितलं.

"हे फक्त मलाच झालंय का?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "माझ्या घरात होतं."

हे वाक्य मी पहिल्यांदाच मोठ्याने बोलले.

मोतीरामबाबा, त्याचं नाव पेरोनीज. तुम्ही खरं बोलत होता.

नरोत्तमभाई, दार उघडलंय. उशीर झाला. आत या.