नडगीतला उंदीर

माझ्या उजव्या नडगीवर एक खड्डा आहे. त्यात चहाचा चमचा ठेवला तर बरोबर बसेल. खड्ड्यातली कातडी बधिर आहे. नातवंडं लहान असताना तिथं चिमटे काढायची आणि मी शांतपणे शेंगा सोलत बसायची. आजीला दुखत नाही याचं त्यांना फार कौतुक. ही जादू कुठून आली, असं विचारलं की मी सांगायची, तुमची आजी तरुणपणी फार हुशार होती, म्हणून.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. आमचे हे सायली गावातल्या एका धाग्याच्या कारखान्यात पाळीवर जायचे. मी सिल्वासाला मराठी शाळेत दुसरीचा वर्ग घ्यायची. बिऱ्हाड सामरवरणीच्या चाळीत, दोन खोल्या. दोघंही धुळ्याकडचे. चाळीत लूना चालवणारी मी एकटीच बाई, त्यामुळे पदर खोचून आणि पर्स हँडलला अडकवून अशी निघायची की बघणाऱ्याला वाटावं, कलेक्टरीणबाई तपासणीला चालल्या.

राखोलीच्या वळणावर खडी सांडलेली होती. कलेक्टरीणबाई तिथं आडव्या झाल्या. नडगी मोडली आणि हाडाचं टोक कातडीतून बाहेर आलं. मी त्याच्याकडे बघितलं आणि मनात आलं, खोबऱ्यासारखं दिसतंय. दुखलं असणारच, पण ते आठवत नाही. जमलेल्या लोकांना मी विचारत होते की माझी दुसरी चप्पल कुठं गेली. एवढंच आठवतं.

सरकारी दवाखान्यात जखम भरपूर पाण्यानं धुतली, हाड जागेवर बसवलं आणि गुडघ्याच्या जरा वरपर्यंत प्लास्टर घातलं. डॉक्टर गुजराती होते, पण मराठी चांगलं बोलायचे.

"बेन, हाड बाहेरची माती खाऊन आलंय," ते म्हणाले. "आता त्याला सांभाळायचं. प्लास्टर ओलं करायचं नाही, आत काही घालायचं नाही. गोळ्या मधेच सोडायच्या नाहीत. ताप आला, वास आला, कुठं ओलसर डाग दिसला तर त्याच दिवशी यायचं."

"डॉक्टर, मी शिक्षिका आहे," मी म्हणाले. "मला एकदा सांगितलं की कळतं."

त्यांनी तेच सगळं चिठ्ठीवर पुन्हा लिहून दिलं. शिक्षिका त्यांनी पाहिलेल्या असाव्यात.

गोळ्यांनी पोटात जळजळ व्हायला लागली, म्हणून त्या सोडल्या. मग पायाला खाज सुटली. प्लास्टरच्या आत, जिथं बोट पोचत नाही नेमकं तिथं. मी तेव्हा एक स्वेटर विणत होते. सिल्वासाच्या हवेत तो कोण घालणार, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. मासिकातला नमुना आवडला आणि पोपटी लोकर मिळाली, एवढं पुरलं. दहा नंबरची सुई लांब होती, गुळगुळीत होती. प्लास्टरच्या वरच्या तोंडातून ती अलगद आत जायची. त्या सुखाचं वर्णन मी इथं करत नाही, कारण नातसुना हे वाचतील. दुपारी दोन ओळी विणायच्या, मग तीच सुई आत घालून डोळे मिटून खाजवायचं, मग पुन्हा दोन ओळी.

असे काही दिवस गेले. मग घरात वास यायला लागला.

शेजारच्या काकू कोकणातल्या, त्यांचे यजमान इथल्या सरकारी कचेरीत. त्या दारातच थांबल्या आणि नाकाला पदर लावला.

"काय गं, उंदीर मेलाय का तुमच्याकडे?"

"असेल," मी म्हणाले. "कालपासून मलाही येतोय."

हे रात्रपाळी करून आले होते, तसेच झाडू घेऊन कामाला लागले. ट्रंका ओढल्या, कपाट सरकवलं, गव्हाची कोठी बाहेर अंगणात नेली. मी खाटेवर पाय उशीवर ठेवून हुकूम सोडत होते. त्या फळीमागे बघा. मोरीच्या खाली बघा. शेजारचे दोघेतिघे मदतीला आले. त्यातल्या एकानं पडवीच्या पत्र्यावर चढून कौलाच्या फटीत काठी घातली.

"मालूमच नाही पडत," हे घाम पुसत म्हणाले. "वास आहे, उंदीर नाही."

"नीट बघितलं नसेल तुम्ही," मी म्हणाले. अंगात कणकण होती, पण ती मी हवेवर ढकलली होती. दोन उदबत्त्या लावून उशाशी ठेवल्या होत्या. मला खरंच कळलं नव्हतं का? आता सांगता येत नाही. त्या आठवड्यात मला काही वाटतच नव्हतं. पायाचं नाही, तापाचं नाही.

काकू माझ्या खाटेजवळ आल्या, वाकल्या आणि तिथंच थांबल्या.

"भावोजी, ती काठी ठेवा खाली," त्या म्हणाल्या. "उंदीर हिच्या प्लास्टरमध्ये आहे."

हे हातात झाडू धरून उभे राहिले. पत्र्यावरचा माणूस वरूनच विचारत होता, सापडला का.

दवाखान्यात प्लास्टर कापलं. डॉक्टरांनी खिडकी उघडायला सांगितली. जखमेतून पू येत होता.

"आत काय घातलं होतं, बेन?"

"काही नाही."

त्यांनी चिमट्यानं जखमेतून एक बारीक धागा ओढला. पुवानं माखलेला असला तरी पोपटी रंग ओळखू येत होता.

"ही लोकर मग कशी आली?"

"हवेतून आली असेल," मी म्हणाले. माझ्या हुशारीचा हा शेवटचा नमुना.

पू तपासायला पाठवला. त्यातले जंतू कोणत्या औषधानं मरतात ते आधी बघायचं होतं. शिरेतून इंजेक्शनं सुरू झाली. पुढं ताप उतरला, पण पू थांबेना. हाडाचा नवा फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडात धरून यांना एक तुकडा दाखवला, बाकीच्या हाडापेक्षा पांढरा.

"हा मेलाय. इथं रक्त पोचत नाही, म्हणून औषधही पोचत नाही, आणि जंतू त्याच्यात घर करून बसलेत. काढावा लागेल."

"काढला तर पाय राहील ना?" यांनी विचारलं.

"प्रयत्न करू. नाहीच जमलं तर गुडघ्याखालून."

काकू बाकावर बसून रडायला लागल्या. मी त्यांच्या पदराला लागलेलं पीठ बघत होते. रडायला हवं होतं मी, पण ते कुणीतरी करतंय म्हटल्यावर मला सुट्टी मिळाल्यासारखं झालं.

ऑपरेशनला पाठीत सुई दिली. कमरेखालचं सगळं नाहीसं झालं. पडद्यापलीकडून ठकठक ऐकू येत होतं. आमच्या गावी पाट्याला टाकी लावणारी बाई यायची, तिचा असाच आवाज. ते माझंच हाड होतं आणि मी पाटा कोणाचा, याचा विचार करत होते.

तो तुकडा त्यांनी मला बाटलीत घालून दिला. मीच मागितला होता. करंगळीच्या पेराएवढा, कडा किडीनं खाल्ल्यासारख्या.

"एवढुसाच?" मी विचारलं.

"एवढाच पुरला असता," डॉक्टर म्हणाले.

जखम शिवली नाही. वरून मिटू द्यायची नाही, तळापासून भरत आली पाहिजे, असं सांगितलं होतं. पायामागे अर्धं प्लास्टर बांधलं. इंजेक्शनांचा कोर्स संपून मी घरी आले तेव्हा पट्टी बदलायचं यांनी नर्सकडून शिकून घेतलं होतं. पाळीवरून आले की कोपरापर्यंत हात साबणानं घासायचे, कारखान्याच्या तेलाचा वास जाईपर्यंत. मग उकळून गार केलेलं पाणी आणि दवाखान्यातली बंद पाकिटातली पट्टी.

"इथं दुखतं?"

"नाही."

"इथं?"

"नाही."

त्या महिन्यांत आमचं दुसरं बोलणं फारसं झालं नाही. गोळ्या ते माझ्या हातावर ठेवायचे आणि मी गिळेपर्यंत समोर उभे राहायचे. स्वेटर कुठं गेला, ते त्यांनी सांगितलं नाही.

बाटली मिठाच्या बरणीशेजारी फळीवर होती. काकूंना ते पटेना.

"अस्थी आहेत त्या. घरात ठेवतात का कोणी? नदीत सोडा."

"थांबा की," मी म्हणाले. "पाय राहिला तर ती एकटी जाईल. नाही राहिला तर दोघांना एकदमच पाठवू, सोबत होईल."

हे पट्टी गुंडाळत होते, ते गुंडाळतच राहिले.

जखम खालून भरत आली. पुढचा फोटो डॉक्टरांनी खिडकीशी नेऊन बराच वेळ बघितला.

"राहिला," ते म्हणाले. "पण विसरायचं नाही. हे दुखणं वर्षांनीही परत येतं. लाल झालं, सूज आली, ताप आला तर उंदीर शोधत बसायचं नाही."

तेव्हाही मला काही वाटलं नाही. लूना चालवता येईल का, एवढं मी विचारलं. डॉक्टरांनी यांच्याकडे बघितलं.

"विकली," हे म्हणाले.

त्या रविवारी आम्ही रिक्षानं राखोलीला दमणगंगेवर गेलो. मी कुबड्या घेऊन वर थांबले. हे खाली उतरले, बाटली उघडून पाण्यात उपडी केली आणि हात जोडले. मग कपड्यांसकट डुबकी मारली. निथळत वर आले.

"अहो, आंघोळ कशाला?"

"अस्थी सोडल्यावर करतात."

"मी इथं उभी आहे."

"म्हणून तर नुसती आंघोळ केली," ते केसांतलं पाणी पिळत म्हणाले. "केस ठेवलेत."

रिक्षाकडे चालताना पाय दुखला. खड्ड्याच्या खाली, जिथं कातडी जिवंत आहे तिथं.

"दुखतोय," मी म्हणाले.

ते तिथंच रस्त्यावर उकिडवे बसले. साडीचा काठ वर सरकवून नडगी सगळीकडून बघितली, हाताची मागची बाजू लावून गरम आहे का ते पाहिलं, अंगठ्यानं हळूच दाबलं. रिक्षावाला मान वळवून दुसरीकडे बघत होता.

"लाल नाही," ते म्हणाले. "चालण्यानं असेल."

"असेल."

"पण दुखतोय ना?"

"हो."

"बरं झालं," ते म्हणाले आणि ओल्या हातानं त्यांनी काठ पुन्हा खाली केला.