कुकरमधली साखर

ती घटना मला आजही आठवते, आणि आठवते ती एका प्रेशर कुकरमुळे. चोरीच्या मोटारसायकलीचा गुन्हा होता. असे गुन्हे ठाण्यात रोजच येतात, त्यामुळे कोणी फार लक्ष घालत नाही. मी तेव्हा सहायक फौजदार होते आणि निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. शिक्षण सातवी. आमच्या वेळी तेवढ्यावर भरती होता येत होतं. सदतीस वर्षं नोकरी झाल्यावर साहेबांनी मला चारित्र्य पडताळणीचं टेबल दिलं होतं. कोणाला नोकरी लागली की त्याच्यावर गुन्हा आहे की नाही हे बघायचं, शेरा लिहायचा आणि कागद पुढे पाठवायचा. म्हाताऱ्या बाईला द्यायचं काम म्हणून मला दिलं. मी केलं.

आमचं ठाणं शहराच्या पूर्वेला, हडपसरच्या बाजूला. एका शुक्रवारी सकाळी जवळच्या गॅरेजवाल्याचा फोन आला. सर्व्हिसिंगला आलेल्या एका मोटारसायकलीचा चेसिस नंबर घासून त्यावर नवा ठोकलाय, असं तो म्हणाला. आमचे दोन शिपाई गेले आणि गाडी घेऊन आले. गाडीबरोबर गाडीचा मालकही आणला. चोवीस वर्षांचा तरुण, आयटीआय झालेला. इंजिन नंबरवरून कळलं की ही गाडी दोन महिन्यांपूर्वी आमच्याच हद्दीतल्या भाजी बाजाराबाहेरून चोरीला गेली होती.

तरुणाचं म्हणणं असं. इंटरनेटवर जाहिरात बघितली. विकणारा म्हणाला, परदेशी नोकरी लागलीय, आठ दिवसांत निघायचंय, म्हणून स्वस्तात देतोय. कर्वेनगरच्या फ्लॅटवर बोलावलं. दारावरच्या पाटीवर आणि आरसी बुकावर एकच आडनाव होतं. घर बघितलं, चहा घेतला, गाडी घेतली. ट्रान्सफरचे बाकीचे कागद पंधरा दिवसांत आणून देतो म्हणाला. आता त्याचा फोन बंद आहे.

साहेबांनी लगेच शिपाई कर्वेनगरला पाठवला. दुपारी तो परत आला. फ्लॅटला कुलूप. खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी सांगितलं की वरची जोडी चार महिन्यांपासून अमेरिकेत आहे, मुलीच्या बाळंतपणाला गेलीय, आणि वर कोणी येत-जात नाही.

साहेब त्या तरुणाला म्हणाले, "चार महिने बंद असलेल्या घरात तू चहा प्यायलास?"

"हो साहेब."

"मग भुताने केला असेल."

साहेब वाईट माणूस नव्हता. पण समोर चोरीची गाडी आणि खोटा वाटणारा पत्ता असल्यावर कोणताही अधिकारी तेच समजेल. साहेबांच्या मते हाच चोरांच्या टोळीतला होता.

त्या तरुणाचं नाव ऐकल्यावर मी माझ्या टेबलावरचा गठ्ठा चाळला. वरून तिसरा फॉर्म त्याचाच होता. खडकीच्या कारखान्यात फिटर म्हणून निवड झाली होती आणि पडताळणी आमच्याकडे आली होती. त्याला आरोपी केलं की मला शेऱ्यात तसं लिहावं लागणार. मग नोकरी गेलीच. तो फॉर्म घेऊन मी साहेबांकडे गेले.

साहेब म्हणाले, "बाई, मी काय करू? रविवारपर्यंत थांबतो. सोमवारी गुन्ह्यात घेतो. आणि बाहेर त्याची आई सकाळपासून बसलीय, तिला तेवढी घरी घालवा."

मी तिला घालवायलाच बाहेर गेले होते. बाकड्यावर ताठ बसली होती. रडत नव्हती. रडणाऱ्यांना घालवणं सोपं असतं.

"घरी जा," मी म्हणाले. "इथे बसून काही होत नाही."

"आणि घरी बसून काय होतं?" ती म्हणाली. "मीबी गेले होते की त्याच्यासंगं गाडी बघायला. मला कुणी काहीच विचारलं नाही."

हे मला नवीन होतं. मी तिच्याशेजारी बसले. "तू कशाला गेली होतीस? गाडीतलं तुला काय कळतं?"

"गाडीतलं नाही कळत. घरातलं कळतं. घर बघून यावं म्हटलं. माणसं चांगली असली तर गाडी चांगली असणार."

"मग? कसं होतं घर?"

"लई चांगलं. भिंतीवर फोटो, गॅलरीत झाडं, सगळं पुसलेलं. त्याची बायकोपण गोड बोलायची. मला म्हणाली, 'मावशी, बसा, चहा करते.' मी तिच्यामागं सैपाकघरात गेले. आपण बसून राहायचं आणि तिनं एकटीनं करायचं, बरं दिसत नाही."

"चहा कसा होता?"

तिने माझ्याकडे बघितलं. मी चेष्टा करते आहे असं तिला वाटलं असावं. "चहाचीच तर गंमत," ती म्हणाली. "तिला भांडंच घावेना. चार कपाटं उघडली, सगळी रिकामी. वट्यावर नुसता कुकर. म्हणाली, आता ह्यातच करते. कुकर उघडला तर आत साखरेचा डबा. ती स्वतःच दचकली. मग हसली न् म्हणाली, 'मुलं काय, कुठेही काहीही ठेवतात.' पण बाई, घरात पोराचं एक झबलं वाळत नव्हतं."

"हे मुलाला सांगितलंस?"

"सांगितलं घरी आल्यावर. तो म्हणाला, 'आई, आपण गाडी घेतलीय, कुकर नाही.'"

मी चाळीस वर्षं स्वयंपाक केलाय. स्वतःच्या घरातली साखर बाईला अंधारातही सापडते. म्हणजे ते घर त्या बाईचं नव्हतं. पण ही माय-लेकरं मात्र त्या घरात गेली होती. खोटं सांगणाऱ्या माणसाला कुकरमधला साखरेचा डबा सुचत नाही. त्याला इतकं सुचत असतं तर त्याने पत्ता बंद घराचा दिला नसता.

तिचा जबाब मी तिथेच लिहून घेतला, कुकरसकट.

शनिवारी सकाळी मी शिपायाला घेऊन कर्वेनगरला गेले. तीन मजली जुनी इमारत, वॉचमन नाही. पार्किंगमध्ये त्या अमेरिकेत गेलेल्या जोडीची चारचाकी उभी होती. कव्हर झटकलेलं होतं आणि चाकात हवा टम्म. खालचे काका दार अर्धवट उघडून उभे राहिले. शिक्षक म्हणून निवृत्त झालेले.

"वर कोण येतं?" मी विचारलं.

"कोणी नाही. काल आपल्या शिपायालाही सांगितलं. पोलिसांना एकदा सांगून पुरत नाही असं दिसतंय."

"मग चार महिने उभ्या गाडीच्या चाकात हवा कशी राहिली?"

"तो येतो ना, गाडीवाला. दर रविवारी. पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवतो, बॅटरी उतरू नये म्हणून. धूर सगळा आमच्या पोह्यांवर. मग वर जाऊन झाडांना पाणी घालतो."

"त्याच्याकडे घराची किल्ली आहे?"

"त्याशिवाय झाडांना पाणी कसं घालेल?"

"मग कोणी येत नाही असं का सांगितलंत?"

"अहो, तो कामाला येतो," काका म्हणाले. "आपण विचारलंत, कोण येतं."

शिपायाने काल प्रश्न विचारला होता आणि काकांनी खरं उत्तर दिलं होतं. कामाला येणाऱ्या माणसाला लोक 'आलेल्यां'त धरत नाहीत. दूधवाला, झाडूवाली, गाडी सुरू करणारा. ते येतात आणि दिसत नाहीत.

मी काकांना अमेरिकेत फोन लावायला सांगितला. तिथे रात्रीची जेवणं झाली होती. फोन घरमालकिणीने उचलला. मी काकांना स्पीकर चालू करायला लावला आणि शिपायाला लिहायला बसवलं.

"मी पुण्याहून पोलीस बोलते. घाबरू नका. एकच सांगा, घर बंद करताना साखर कुठे ठेवून गेलात?"

बाई म्हणाल्या, "पोलीस साखर विचारायला फोन करतात?"

"कधीकधी."

"कुकरमध्ये ठेवलीय. मुंग्या होतात हो. बाकी भांडी बांधून माळ्यावर टाकली. का? काय झालं? अहो, इकडे या, पोलिसांचा फोन आहे!"

काकांचा चष्मा नाकावर आला. मी त्यांना म्हणाले, "ऐकलंत ना? मग सही करा."

त्यांनी सही केली. त्या सहीने तो तरुण निम्मा सुटला. ज्या घरात तो गेलाच नाही असं आम्ही म्हणत होतो, त्या घरातला कुकर त्याच्या आईला आतून माहीत होता.

मालकांनी गाडीवाल्याचं नाव आणि नंबर दिला. माणूस विश्वासू आहे, असंही चारदा सांगितलं. परदेशी गेलेल्या पुष्कळ लोकांच्या गाड्या तो सांभाळायचा. ठाण्यात परत आल्यावर आमच्या पोरांनी इंटरनेटवर शोधलं, तर कर्वेनगरचीच एक ताजी जाहिरात सापडली. परदेशी जायचंय, मोटारसायकल विकणे आहे. नंबर वेगळा, भाषा तीच. एका तरुण शिपायाने गिऱ्हाईक म्हणून फोन केला. रविवारी अकराला या म्हणाला. पत्ता तोच.

साहेब म्हणाले, "गिऱ्हाइकाबरोबर कोण जाईल?"

"आई जाईल," मी म्हणाले. "घर बघायला."

रविवारी मी सुती साडी नेसून, हातात पिशवी घेऊन त्या गिऱ्हाईक झालेल्या शिपायाबरोबर गेले. बाकीचे दोघे शिपाई काकांच्या घरात बसले. त्यांना पोहे मिळाले, असं नंतर कळलं. वर दार उघडलं ते त्या गाडीवाल्याने. इस्त्रीचा शर्ट, गोड हसू. घरमालकाचंच आडनाव सांगितलं. बायकोने मला हात जोडून नमस्कार केला. "मावशी, बसा, चहा करते."

मी तिच्यामागोमाग स्वयंपाकघरात गेले. यावेळी तिला शोधावं लागलं नाही. एक पातेलं ती घरून घेऊन आली होती. कुकर उघडला आणि साखरेचा डबा काढला.

"कुकरमध्ये ठेवतेस होय साखर?" मी विचारलं.

"मुलं हो," ती हसली. "कुठेही काहीही ठेवतात."

"मुलं नाहीत. मुंग्या," मी म्हणाले. "ज्या बाईने ठेवली तिनेच मला सांगितलं, अमेरिकेतून. गॅस बंद कर आणि चल."

तिने गॅस बंद केला. बाहेरच्या खोलीत तो पळायला दाराकडे वळला तेव्हा शिपाई जिन्यात उभे होते. काकाही होते. पंच म्हणून तेच लागले. त्यांनी पंचनामा दोनदा वाचला आणि त्यात धुराचाही उल्लेख करा म्हणाले.

ठाण्यात तो दोन तास एकच सांगत होता, "साहेब, मी फक्त गाड्या सुरू करतो." साहेबांनी त्याच्या किल्ल्यांचा जुडगा टेबलावर टाकला. अकरा किल्ल्या, प्रत्येकीला आडनावाची चिठ्ठी. साहेब एकेक आडनाव वाचत गेले आणि तो गप्प होत गेला.

बायकोची चौकशी मी दुसऱ्या खोलीत केली. दमदाटी केली नाही. मी विचारलं, "चोरीच्या गाड्या कुठे ठेवता? तुमच्या चाळीत तर सायकलला जागा नाही."

ती म्हणाली, "लोकांच्या पार्किंगमध्ये. ज्यांच्या किल्ल्या आहेत त्यांच्या. कव्हर घालून. कव्हर घातलेल्या गाडीकडे कोणी बघत नाही."

"आणि तुला यात काय मिळायचं?"

"तासभर त्या घरात बसायला मिळायचं," ती म्हणाली. "सोफ्यावर."

हे मी जबाबात लिहिलं नाही. गुन्ह्याशी त्याचा संबंध नव्हता. पण लक्षात राहिलं आहे.

संध्याकाळपर्यंत पाच सोसायट्यांमध्ये जाऊन आम्ही कव्हरं उचलली. सहा मोटारसायकली निघाल्या. प्रत्येक ठिकाणी सोसायटीवाले छातीठोक सांगत होते की इथे बाहेरचं कोणी येत नाही. पुढे ओळख परेड झाली तेव्हा त्या तरुणाच्या आईने दहा बायकांतून गाडीवाल्याच्या बायकोला पहिल्या फटक्यात ओळखलं. "हीच. हिला भांडं घावत नव्हतं," असं म्हणाली. परेड घेणाऱ्या तहसीलदारांनी ते तसंच लिहून घेतलं.

मोटारसायकल मात्र त्या तरुणाला मिळाली नाही. ती ज्याची चोरीला गेली होती त्याला परत दिली. तो तरुण फसवला गेलेला साक्षीदार ठरला, आरोपी नाही. गाडी घेताना त्याने घर बघितलं, पाटी बघितली, चहा घेतला. चेसिस नंबर आणि आरटीओतली नोंद बघितली नाही. शिकलेली माणसंही हेच करतात. चांगल्या घरात बसलं की कागद मागायला लाज वाटते. लाजू नका. ज्याला राग येईल त्याच्याकडून गाडी घेऊ नका.

आणि मी शिकले ते असं. साहेब त्या तरुणाला चार तास विचारत होते. बाकड्यावर बसलेल्या बाईला घालवायचं होतं. ज्याला आपण मोजत नाही त्याला आधी विचारावं. चोर तिथेच लपतो, आणि पुरावाही बऱ्याचदा तिथेच बसलेला असतो.

सोमवारी सकाळी मी टेबलावर बसले आणि वरून तिसरा फॉर्म काढला. साहेबांनी सोमवारीच त्याला गुन्ह्यात घ्यायचं ठरवलं होतं. ते येऊन माझ्या टेबलाशी उभे राहिले. मी सावकाश लिहिलं, "सदर इसमाविरुद्ध प्रतिकूल काही आढळून आले नाही." शिक्का मारला. शाई कमी पडली म्हणून परत मारला.

साहेबांनी सही केली. मग बाहेर बाकड्यावर बसलेल्या त्याच्या आईकडे बघून म्हणाले, "बाई, आता तरी तिला घरी घालवा."

मी बाहेर जाऊन तिला ते सांगितलं. या वेळी ती उठली.