दोन नावांची वहिनी

दादाचा फोन आला तेव्हा मी नववीच्या वह्या तपासत होते. "ये," एवढंच म्हणाला तो. मी वह्या तशाच टाकून निघाले. अमरावतीहून मूर्तिजापूर आणि तिथून पुढे आमचं गाव. एरवी एसटीत बसलं की डुलकी लागावी असा रस्ता, पण त्या दिवशी प्रत्येक थांब्यावर ड्रायव्हरशी भांडावंसं वाटत होतं. घरी पोचले तर वहिनीला समोरच्या खोलीत सतरंजीवर ठेवलेलं. पाठीवर, आडवी, पाय सरळ. आणि मला आधी काय वाटलं सांगू? वाटलं, अरे, झोपली की ही! कारण गेल्या दोन वर्षांत तिला आडवं झालेलं मी पाहिलंच नव्हतं. उशांवर उशा रचून, भिंतीला टेकून ती रात्र काढायची. आडवं झालं की श्वास कोंडायचा. "मले दुसरं काई नोको, शोभे," ती म्हणायची, "एक डाव मोकळं आडवं होऊन झोपू दे." तेवढंच तिचं मागणं होतं. त्यासाठी हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन हवं होतं, आणि ऑपरेशनसाठी सरकारी योजना लागू व्हायला हवी होती.

या गोष्टीला आता महिना उलटून गेला. भेटायला येणारे सांगतात, राग सोड, नशिबात होतं. मी मान हलवते. पण नशिबाला मी कधी योजनेच्या खिडकीत बसलेलं पाहिलं नाही. मी माणसंच पाहिली, आणि ती सगळी गोड बोलत होती.

वहिनी आमच्या घरी आली तेव्हा मी चौथीत होते. बाळापूरकडचं माहेर, बापानं ठेवलेलं नाव पंचफुला. त्या काळी आमच्याकडे सून आली की तिचं नाव बदलायचंच, त्यात विचारण्यासारखं काही आहे असं कोणालाच वाटत नसे. तांदळाचं ताट समोर आलं, हातात अंगठी आली, आणि दादाच्या लक्षात आलं की नवं नाव काही ठरवलेलंच नाही. आई म्हणाली, "त्या शोभीले इचारा." मला तेव्हा आमच्या वर्गाच्या बाई जीव की प्राण. हातात घड्याळ घालायच्या, कधी मारायच्या नाहीत, नाव रजनी. मी ओरडले, "रजनी!" मांडवात हशा पिकला आणि दादानं ताटात रजनी लिहून टाकलं. नवरीनं मान वर करून माझ्याकडे एकदा पाहिलं. ते पाहणं रागाचं होतं की हसण्याचं, हे मी तिला पुढे कितीदा विचारलं, तिनं सांगितलं नाही.

गंमत अशी की ते नाव कोणी वापरलंच नाही. मी वहिनी म्हणायचे. दादा "अवो" म्हणायचा, आजही त्याच्या पिढीचे नवरे तेच म्हणतात. आई चिडली की तेवढी "रजने!" अशी हाक यायची. पण रेशनकार्डावर रजनी चढलं, मतदार यादीत चढलं, बचत गटात चढलं. माहेरहून आलेल्या भांड्यांवर मात्र पंचफुला कोरलेलं होतं. नंतर घेतलेल्या भांड्यांवर सौ. रजनी. तिच्या स्वयंपाकघराच्या फळीवर ही दोन्ही नावं शेजारी शेजारी घासूनपुसून मांडलेली असत, आणि त्यांचं एकमेकांशी कधी वाकडं नव्हतं.

मी शिकले ती तिच्यामुळे. दहावीनंतर माझ्यासाठी स्थळं बघायला लागले तेव्हा दादासमोर उभी राहून ती म्हणाली होती, "पोरगी हुशार हाये, तिले शिकू द्या, नाई तं मी बाळापूरले चालली." ती काही जाणारी नव्हती आणि दादालाही ते माहीत होतं, पण मी अमरावतीच्या कॉलेजात गेले खरी. सुट्टीत मी ओट्यावर बसून अर्जलेखन पाठ करायचे आणि ती तूर निवडत ऐकायची. एकदा म्हणाली, "शेवटी 'आपली विश्वासू' काहून लिवतं वो तू? ज्याले अर्ज करते, तो तुले ओयखते तरी काय?" मी हसून हसून लोळले. आता मी वर्षानुवर्षं मुलांना तोच अर्ज शिकवते. समास सोडा, विषय लिहा, भाषा नम्र ठेवा. अर्ज नीट लिहिला की काम होतं असं मी मुलांना सांगत आले आहे... यंदा तो धडा मी दुसऱ्या बाईंना घ्यायला लावला.

आधारकार्डाची शिबिरं गावोगाव लागली तेव्हा वहिनी नेमकी भावाकडे बाळापूरला होती. भावानं कपाटातून तिचा शाळेचा जुना दाखला काढून दिला आणि कार्ड निघालं ते पंचफुला नावाचं, बापाच्या नावाआडनावासकट. मी म्हटलं, वहिनी, बदलून घेऊ. ती नाही म्हणाली. ते चकचकीत कार्ड उलटसुलट करून बघत होती. "राहू दे नं. इतक्या वर्सांनी मले कोनी तं पंचफुला म्हटलं." आयुष्यात त्या बाईनं स्वतःसाठी केलेला हा एकच हट्ट मला आठवतो. मीही मग जोर केला नाही. कार्डावर काय नाव आहे याच्यावर कोणाचा श्वास अवलंबून असेल, हे कोणाला सुचणार होतं?

पुढे तिला धाप लागायला लागली. आधी शेतात, मग अंगणात, मग पाण्याची कळशी उचलताना. अमरावतीला दाखवलं. डॉक्टर भला माणूस. कागदावर चित्र काढून त्यानं समजावलं की झडप आक्रसली आहे, बदलली तर बाई पुन्हा शेतात जाईल. "योजनेत बसते हे ऑपरेशन," म्हणाला, "खाली खिडकीवर नाव द्या." खर्च स्वतः करणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं. कपाशी बोंडअळीनं खाल्लेली, आणि माझी शाळा विनाअनुदानित, तिथला पगार म्हणजे कधी येईल तेव्हा येईल. त्यामुळे 'बसते' हा शब्द ऐकून आम्ही दोघी जिना उतरताना चक्क हसत होतो.

खिडकीवरच्या मुलीनं आधारकार्ड घेतलं आणि बसायला सांगितलं. आम्ही बाकावर गप्पा मारत बसलो. ती मुलगी मधूनमधून कोणाला तरी हाका मारत होती. "पंचफुला कोण आहे? पंचफुलाबाई!" वहिनी मला आईच्या लोणच्याबद्दल काहीतरी सांगत होती. सांगतच राहिली. मीही बसून. बऱ्याच वेळानं मीच खिडकीशी जाऊन भांडले की आमचा नंबर का लागत नाही, तेव्हा ती मुलगी म्हणाली, "मॅडम, केव्हाची ओरडतेय मी." वहिनी तोंडाला पदर लावून इतकी हसली की तिला धाप लागली. पण मग मुलीनं रेशनकार्ड मागितलं आणि हसू संपलं. आधारवर पंचफुला, रेशनकार्डावर रजनी. वडिलांचं नाव एकीकडे, नवऱ्याचं दुसरीकडे. "या दोन वेगळ्या बाया दिसतात," ती म्हणाली, "मशीन घेणार नाही." मी म्हटलं, बाई तुमच्यासमोर उभी आहे, एकच आहे, मोजून बघा. ती म्हणाली, "मला दिसतंय हो मॅडम, पण मशीनला दिसत नाही ना." तिच्यावर चिडून उपयोग नव्हता. मी तरीही चिडले.

तिथून आमची वरात सुरू झाली. लग्नाची नोंद आणा, तर त्या काळात लग्नाची नोंद कोण करत होतं? प्रतिज्ञापत्र करा. केलं. हे नाही चालत, राजपत्रात नाव छापून आणा. शनिवारी साहेब नाहीत, सोमवारी सर्व्हर नाही, मंगळवारी साहेब आहेत पण मीटिंगला. तहसीलातला बाबू एकदा म्हणाला, "दोन्ही नावं एकाच बाईची आहेत याला पुरावा काय?" वहिनी त्या दिवशी मोठी पिशवी घेऊन आली होती. मला वाटलं, डबा असेल. तिनं पिशवीतून एक पितळी गडवा काढला आणि टेबलावर ठेवला. पाणी प्यायचा छोटा लोटा, लग्नातला, त्यावर पंचफुला. मग स्टीलचा डबा काढला, त्यावर सौ. रजनी. "हे दोनी माह्ये भांडे हायेत," ती धापा टाकत म्हणाली. "एकाच चुलीवरचे. आमच्या अख्ख्या गावाले इचारा." सगळं ऑफिस खो खो हसलं. बाबूही हसला, तिला खुर्ची दिली, चहा मागवला. पण कागद पुढे सरकवला नाही. परतताना एसटीत ती गडवा मांडीवर घेऊन बसली होती. मी रडत होते आणि तीच मला म्हणाली, "तू कायले रडून राहिली? नाव तं तू ठेवलं होतं नं, आता भोग." आणि हसली.

त्या हसण्यासाठी मी तिची आजन्म ऋणी आहे. कारण दोष माझा नव्हता हे मला माहीत आहे. चौथीतल्या पोरीचा नव्हता, तांदळाच्या ताटाचाही नव्हता. बापाच्या घरचं नाव सोडायला लावणारेही आपणच आणि ते सोडलं याचा पुरावा मागणारेही आपणच, मग अशा लाखो बाया आपल्याकडे आहेत हे योजना आखणाऱ्याला ठाऊक नसावं? त्याच्या आईचं नाव बदललं नव्हतं काय?

अखेर नाव जुळलं. दोन्ही कार्डांवर रजनी आलं. नवं आधारकार्ड हातात घेतल्यावर वहिनीनं ते पाहिलं आणि पाकिटात घातलं. आम्ही धावत अमरावतीच्या त्याच दवाखान्यात गेलो. खिडकी होती, मुलगी नव्हती. काचेवर कागद चिकटवलेला की हा दवाखाना आता योजनेत नाही. डॉक्टर हळहळले. म्हणाले, अकोल्याला जा. अकोल्याच्या दवाखान्यात नाव बिनतक्रार चढलं, तपासण्या नव्यानं झाल्या, आणि मग तिथला माणूस अगदी हळू आवाजात म्हणाला, "ताई, नियम बदलला. हे ऑपरेशन आता खासगीत बसत नाही. फक्त सरकारी दवाखान्यात." म्हणजे नागपूर. नागपूरला गेलो तर तिथे आमच्यासारखीच अख्ख्या पश्चिम विदर्भातली माणसं ओळीत बसलेली, जिन्यावर, झाडाखाली, पथारी टाकून. तारीख मिळाली ती दिवाळीच्या कितीतरी पुढची. एका डॉक्टरीणबाईंनी वहिनीचे सुजलेले पाय दाबून पाहिले आणि म्हणाल्या, "यांना लवकर घ्यायला हवं." मी म्हटलं, मग घ्या ना. त्यांनी बाहेरच्या ओळीकडे बोट दाखवलं. त्यांचेही डोळे तारवटलेले होते, त्यांच्याशी काय भांडायचं...

सगळ्यात संताप याचाच येतो. आमच्याशी कोणी उद्धटपणे बोललं असतं तर बरं झालं असतं. मी तोंड सोडलं असतं, अर्ज केले असते. पण प्रत्येक जण आपापल्या खिडकीतून खरं तेच सांगत होता, आणि त्या सगळ्या खऱ्यांची बेरीज होऊन आमची वहिनी भिंतीला टेकून बसल्या बसल्या गेली. पहाटे दादा चहा घेऊन गेला तर मान कलंडलेली. नागपूरची तारीख अजून यायची होती.

तेरवीला आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाचे गडवे वाटतात. दादा आणि मी मूर्तिजापूरला रफीकभाईच्या दुकानात गेलो. घरातली सगळी भांडी त्यांच्याकडचीच, नावंही त्यांनीच कोरलेली. त्यांनी मशीन हातात घेतलं आणि सवयीनं विचारलं, "नाव काय टाकू?" मी तोंड उघडलं, पण आधी दादा बोलला. सगळ्या संसारात ज्याच्या तोंडून मी तिचं नाव एकदाही ऐकलं नव्हतं, तो माझा भाऊ म्हणाला, "पंचफुला." मग म्हणाला, "रजनी बी टाका. दोनी." रफीकभाईंनी गडवा फिरवून पाहिला. "भाऊ, दोन नावं नाई बसनार याच्यावर. गडवा लहान हाय."

"बसवा," दादा म्हणाला. त्याचा आवाज इतका चढला की बाजूच्या दुकानातला माणूस बाहेर आला. "म्हंजे काय बसत नाई? बसवा तुमी! जिकडं गेलो तिकडं हेच, बसत नाई, बसत नाई... बाई एक होती, बाप्पा. एकच होती." आणि तिथेच स्टुलावर बसून तो लहान पोरासारखा रडायला लागला. रफीकभाईंनी मशीन खाली ठेवलं. त्याला पाणी दिलं, पाठीवर हात ठेवून थोडा वेळ बसले. मग चष्मा लावला आणि गडव्याच्या काठालगत बारीक अक्षरांत कोरायला लागले. प्रत्येक गडव्याला वेळ लागत होता. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांना त्यांनी नंतर यायला सांगितलं.

त्यातला एक गडवा माझ्याकडे आहे. मी तो माठाशेजारी ठेवते. नावं गोल फिरत गेली आहेत, पंचफुला संपतं तिथे रजनी सुरू होतं आणि फिरवत राहिलं की पुन्हा पंचफुला येतं. मध्ये काही लिहिलेलं नाही, उर्फ नाही, रेघ नाही. रात्री झोपताना मी त्यात पाणी भरून उशाशी घेते, आणि आडवी होते.