सोमवारचा टांगा

“अण्णा, आज सोमवार हाय. बैल जुपायचे न्हाईत,” काका माझ्या वडलांना, अप्पांना म्हणाले. सोमवारी बैलांना विसावा देण्याचा बसवण्णांचा हा नेम आमच्या लिंगायत घरात कधी मोडला नव्हता. मांजरा नदीच्या पुराचं पाणी मात्र गावकुसाला लागलं होतं. मग बैलगाडी सोडून गाभण चंद्री घोडीचाच टांगा निघाला.

आज दारात कुणी चामड्याला एरंडेल चोळलं आणि त्या वासासरशी तो दिवस परत आला. पावसानं आखडलेले घोडीच्या साजाचे पट्टे अप्पा असेच एरंडेलानं मऊ करत होते. काका टांग्याच्या टपावर पोती आवळत होते. जोंधळा, भांडी, अंथरुणं चढली, शिवाय आई आणि हैदराबादच्या इंग्रजी शाळेतून सुट्टीला आलेली मी.

“मडमेला आत बसवा, भिजली तर विरघळंल,” काका म्हणाले. मी पाय आखडून आत सरकले.

वेशीजवळच्या चिखलात चंद्री थांबली. तिचं पोट थरथरत होतं. मागं दोन्ही बैल मोकळे चालत होते. तेव्हा मला अप्पांचा फार राग आला. निघताना त्यांचा हात बैलगाडीच्या जुवापर्यंत जाऊन मागं आला होता, हे आता आठवतं.

“चल गं माय,” अप्पा चंद्रीला म्हणाले. ती हलेना. काकांनी चाबूक उचलला.

“अप्पा,” मी म्हणाले, “मी उतरायले. चालत येते.”