धरून ठेवलेला पाय

नामदेव गेला त्याला आता दीड महिना होईल. बातमी मला कुणी सांगायची गरज पडली नाही. मी त्याच्याच संघात होतो. चिंचवडला नदीकाठच्या पटांगणात हुतूतूचा सामना रंगला होता. नामदेव चढाईला गेला आणि समोरच्या यासीनने त्याचा घोटा पकडला...

नामदेव भलताच बिलंदर. पिंपरीच्या नव्या कारखान्यात दिवसभर उभं राहून काम करायचा आणि संध्याकाळी मैदानात हजर. पकडला गेला की हुतूतूचा आवाज इतका बारीक करायचा, की दम सुटला असं वाटून समोरचे हात सैल सोडत. तेवढ्यात हा पठ्ठ्या उसळी मारून रेषा गाठे! मग आठवडाभर त्यांना चिडवणं चाले. यासीन सायकलदुरुस्तीच्या दुकानातला, आमचाच दोस्त. तोही एकदा फसला होता. म्हणून या वेळी आवाज थांबला तरी त्याने पाय सोडला नाही.

"नाम्या, ऊठ की आता. आज न्हाई फसायचो मी," तो हसत म्हणाला. आम्हीही हसलो... नामदेव उठला नाही.

डॉक्टर म्हणाले, हृदयात आधीपासूनच दोष असावा. कुणी पकडलं नसतं तरी हे झालं असतं. पण एवढा धडधाकट पोरगा असा जातो, हे कुणाच्या गळी उतरेना. यासीनने वेळीच सोडायला हवं होतं, अशी कुजबुज पारावर सुरू झाली. त्या माणसांचा मला अजून राग येतो. यासीनने दुकान बंद केलं. तो घराबाहेर पडेना, धड जेवेना.

तेराव्यानंतर नामदेवची आई, तानूमावशी, माझ्या दारात आली. "मला यासीनकडं घिऊन चल," एवढंच म्हणाली. मी धास्तावलो, पण नाही कसं म्हणणार?

तिला पाहून यासीन भिंतीला टेकला. "मावशी, मला वाटलं नाटक करतोय..."

मावशी त्याच्यासमोर बसली. "तू धरलंस तवा अंग गरम व्हतं का रं त्याचं?"

"व्हय, मावशी."

"मी रानातनं पोचले, तवर हातपाय गार पडले व्हते." तिने त्याचे दोन्ही हात उचलून आपल्या गालांना लावले. "माझं लेकरू एकटं न्हाई गेलं. तू सोडलं न्हाईस, लई चांगलं केलंस."

यासीन त्या दिवसानंतर प्रथमच रडला. मीही रडलो.

दुकान आता उघडं असतं. संध्याकाळी मावशी तिथे बाकावर येऊन बसते. बोलणं फारसं होत नाही. निघताना ती यासीनचा हात घडीभर हातात धरते आणि घरी जाते.