वस्तादांची पकड

महाराजांच्या राज्यात कोल्हापुरात पैलवान उदंड होते. पण स्वतःच्याच हाडाशी कुस्ती धरून हरलेला गडी एकच, आमच्या तालमीचे वस्ताद. नवा गडी आला की ते उजव्या हातानं त्याचं मनगट धरायचे आणि म्हणायचे, "सोडीव." कुणाचं कधी सुटलं नाही. मुरगूडचा एक दांडगा सोडवता सोडवता रडला, तेव्हा त्याला बदामाचं दूध पाजून म्हणाले, "रडलास न्हवं? मग आता ऱ्हा हितंच." माझं धरलं तेव्हा मी मनगट सोडवायचं सोडून त्यांचे पाय धरले. दया येऊन त्यांनी मला आखाड्याची माती उकरायला ठेवून घेतलं.

पुढे एका डावात वस्तादांचंच उजवं मनगट मोडलं. अख्ख्या पेठेची हाडं बसवणारा माणूस. स्वतःलाही त्यांनीच बांबूच्या कामट्या बांधल्या. पण जोर काढल्याशिवाय त्यांची सकाळ होत नसे. रोज कामट्या सोडायच्या, जोर काढायचे, पुन्हा बांधायच्या. तालमीत एवढ्या रुंद छात्या होत्या, पण "वस्ताद, हात जरा गप ठेवा" म्हणायची एकीचीही हिंमत झाली नाही. माझी तर मुळातच अरुंद. वर्ष उलटलं तरी हाड सांधेना. तांब्या उचलतानाही ते ओठ आवळायचे. अखेर मी त्यांना दवाखान्यात नेलं.

डॉक्टर म्हणाले, "अंगठ्याच्या मुळाशी काजूएवढं हाड असतं. त्याचे दोन तुकडे झालेत, आता जुळायचे नाहीत. त्यातला एक मेलाय, तो कापून काढतो. दुखणं जाईल, ताकद येईलच असं नाही."

वस्ताद माझ्याकडे वळले. "काजूनं चीत केलं व्हय रं मला?"

क्लोरोफॉर्म त्यांना द्यायचा होता. वासानं दाराबाहेर आधी मीच आडवा झालो.

जखम भरली, दुखणं थांबलं. वस्ताद तालमीत आले आणि सगळ्यांदेखत मला म्हणाले, "आण मनगट." मी घरूनच ठरवून आलो होतो: बोंब अशी ठोकायची की पलीकडच्या गल्लीत ऐकू जावी. त्यांची बोटं लागली आणि मी कळवळून वाकलो, "मेलो, वस्ताद, सोडा."

"आरं, अजून आवळलंय कुठं?" ते म्हणाले.

कुणी हसलं नाही. मग त्यांनी आवळलं. मनगटाला ओलं फडकं गुंडाळावं, तेवढाच तो जोर. मी ओरडायचं विसरलो.

"सोडीव."

मी मान खाली घालून तसाच उभा राहिलो. शेवटी त्यांनीच हात काढून घेतला.

नंतर नवे गडी आले की ते नुसता पाठीवर हात ठेवायचे. वस्तादांच्या हातून मनगट कुणी सोडवलं नाही, असं कोल्हापुरात अजून म्हणतात. खरंच आहे ते.