इंजिनखालची रबरं

आमच्यात बाईने नवऱ्याचं नाव घ्यायचं ते फक्त उखाण्यात. एरवी 'हे' म्हणायचं आणि ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं. मी इथेही तसंच लिहिणार आहे. आता या वयात कुठे नवीन वळण लावून घेऊ?

तर यांच्याकडे एक जुनी मोटार होती. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. खामगावच्या एका वकिलांनी ती पुरती वापरून काढली आणि यांनी हौसेने घरी आणली. पिंपळगाव राजात आमचा भाजीचा मळा होता. वांगी, मिरच्या आणि सांबार, म्हणजे पुण्याकडे ज्याला कोथिंबीर म्हणतात ते. माल बाजाराला जायचा तो बैलगाडीनेच. मोटारीला भाजीचं पान लागू द्यायचे नाहीत हे. पण आमच्या भागात दुसरी मोटार नव्हती. त्यामुळे नवरदेव आणायचा असो, आजारी माणूस न्यायचं असो की अडलेली बाई खामगावच्या दवाखान्यात पोचवायची असो, लोक आमच्याच दारात येत आणि हे जेवणावरून उठून जात. गावाच्या उपयोगी पडणारा माणूस म्हणून यांना मान होता आणि तो यांना फार आवडायचा. मलाही आवडायचा, खोटं कशाला बोलू?

लग्न नवीन होतं तेव्हा हे बोनेट उघडून मला हाक मारायचे. "इकडं ये. हे टिकटिक ऐकू येते काय तुले?" दुसऱ्या बायकांना नवऱ्यांनी गजरे आणले, मला इंजिनाची टिकटिक मिळाली. पण ऐकून ऐकून माझा कान तयार झाला. कोणत्या आवाजाला गिअर बदलायचा, चढाला इंजिन कुठे दमलं, हे मला मागच्या सीटवर बसून कळायला लागलं. मागच्या, कारण पुढची जागा पुरुषांची. गाडीत दुसरं कोणी नसलं तरी मी मागेच, डोक्यावर पदर घेऊन.

पुढे त्या मोटारीला थरथर सुटली. उभ्या उभ्या इंजिन चालू असलं की माझ्या हातातल्या बांगड्या आपोआप वाजायच्या. क्लच सोडला की पायाखाली 'धप्' असा दणका बसायचा. मी म्हटलं, अहो, हिला काहीतरी झालंय. हे म्हणाले, "हाव, हाव." आणि केलं काहीच नाही. मला नवल वाटलं. एरवी बोनेटवर माशी बसली तरी उघडून पाहणारा हा माणूस. गावातल्या पोरांनी तर चेष्टाच मांडली. "भाऊ, गाडीत बसू काय, का दयन घेऊन येऊ? गिरनीच हाये थे," असं म्हणायचे, म्हणजे दळण आणू का. हे हसून मान हलवायचे.

आमच्या शेजारणीची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती. तिला हे खामगावला दाखवायला घेऊन गेले. परत आली ती पोट धरूनच उतरली आणि कोणाशी न बोलता घरात गेली. दुपारी तिची आई माझ्याकडे आली. बाई भली, तिला बोलायचंही जिवावर आलं होतं. "बाई, राग नोको मानू," ती म्हणाली. "पोरीले टायमाले आमी बैलगाडीतच नेऊ. तुमच्या मोटरीत तिचं पोट लय हाललं."

मला ते फार लागलं. बैलगाडीने खामगाव गाठायचं म्हणजे वाटेतच काय व्हायचं ते होणार. मी यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि सांगून टाकलं, बोनेट उघडल्याशिवाय आज भाकरी मिळणार नाही. यांनी उठून बोनेट उघडलं. मग म्हणाले, "मंग तूच बस स्टेरिंगवर."

मी जन्मात पहिल्यांदा त्या जागेवर बसले. हातब्रेक ओढलेला, एक पाय ब्रेकवर घट्ट रोवलेला, दुसरा क्लचवर, गाडी पहिल्या गिअरमध्ये. यांनी सांगितलं होतं की क्लच हळूहळू सोडायचा, गाडी पुढे जाऊ द्यायची नाही, म्हणजे इंजिन जोर लावतं आणि सैल असेल तर उचललं जातं. हे बाजूला उभे राहून इंजिनावर नजर लावून होते. मी विचारलं, "सोडू काय?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. रागावले असतील म्हणून मी माझ्याच मनाने क्लच सोडला. बोनेटखाली इंजिन एका अंगावर उठलं आणि आदळलं. हे एकदम मागे सरले आणि हाताने 'बंद कर' अशी खूण केली.

इंजिन गाडीच्या सांगाड्यावर नुसतं ठेवलेलं नसतं. दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्यांमध्ये जाड रबर असतं, त्यावर ते बसतं. गॅरेजवाले त्याला फाउंडेशन म्हणतात. इंजिनाचा थरकाप ते रबर पोटात घालतं आणि माणसापर्यंत पोचू देत नाही. आमच्या गाडीत वरच्या झाकणातून ऑइल झिरपून एका बाजूचं रबर ताकातल्या भाकरीसारखं मऊ झालं होतं. दुसऱ्या बाजूचं तडकून पट्टीपासून सुटलं होतं. पंख्याची पाती रेडिएटरला लागायला बोटभर जागा उरली होती.

हे खामगावहून नवी जोडी घेऊन आले आणि दोघांनी मिळून चिंचेखाली काम काढलं. इंजिनाच्या तळाशी लाकडाची फळी धरून खाली जॅक लावला, म्हणजे पत्रा चेपत नाही. जॅक मी फिरवला. वरचं वजन सुटेल एवढंच उचलायचं, जास्त नाही. बोल्ट गंजले होते. यांनी रॉकेल पाजून ते सोडवले, जुनी रबरं काढली, नवी बसवली आणि बोल्ट आधी सैलच ठेवले. इंजिन खाली सोडून हलवलं, ते आपल्या जागी बसलं, मग आवळले. झाकणाचं पॅकिंगही बदललं. गाडी चालू केली तर बांगडी वाजेना! मी अंगणात टाळ्या पिटल्या. शेजारणीला भिंतीवरून हाक मारून सांगितलं, आता ये बसून पाहायला. हे मात्र स्टिअरिंगवर हात ठेवून गप्प बसले होते. दमले असतील, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघंच चक्कर मारायला निघालो, मी नेहमीसारखी मागे. इंजिन चालू होतं आणि यांनी पुन्हा स्टार्टर दाबला. खर्रकन अंगावर काटा आणणारा आवाज झाला. मग दुसऱ्या गिअरमध्येच गाडी पळायला लागली. इंजिन नुसतं किंचाळत होतं. "अहो, गिअर बदला!" मी ओरडले. हे समोर पाहत होते. नाल्याच्या चढावर इंजिन बंद पडलं, गाडी थांबली, तरी हे ॲक्सिलरेटर दाबतच राहिले. मेलेल्या गाडीला दाबत राहिले.

मी खाली उतरून यांच्या खिडकीशी गेले आणि म्हटलं, "बंद पडली." यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे. तेव्हा मला कळलं, यांना ऐकूच येत नाही.

त्याआधी काही वर्षं यांना मोठा ताप आला होता, सुया टोचल्या होत्या. त्यातून उठले ते जरा कमी बोलायला लागले. तेव्हापासून कान हळूहळू जात होते आणि मला पत्ता नव्हता. कसा असणार? नवरा माझं ऐकत नाही ही तक्रार आमच्या गल्लीत घरोघर होती. त्यात माझी एक वेगळी कोण ओळखणार?

मला रडू नाही आलं, संताप आला. तिथेच नाल्यावर मी विचारलं, "मले काऊन नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं तं तू मोटर चालवू देली असती काय? लोकं बसले असते काय माह्या गाडीत?" हे म्हणाले. मग गिअरच्या दांडीवर हात ठेवला. "याच्यातून समजत होतं मले. पायाखालून समजत होतं. गाडी हालत होती तं मले कळत होतं का चालू हाये, का बंद हाये, का दमली. आता काईच नाही. माह्यासाठी ते मुकी झाली."

म्हणून हे रबर बदलायला तयार नव्हते. सारं गाव ज्या थरथरीला हसत होतं, तीच यांचे कान झाली होती, आणि ती मी हट्टाने काढून घेतली होती.

सकाळी उठून पाहते तर हे चिंचेखाली. इंजिनाखाली जॅक लावलेला, जुनी रबरं रॉकेलने पुसून शेजारी मांडलेली. मी ती उचलली, पदरात घेतली आणि समोरच बसले.

"दे इकडं."

"नाही देत. पंखा घुसला रेडिएटरात तं? तुमाले समजावं म्हनून पोटुशी पोर हालवता काय?"

यांनी पाना खाली ठेवला. हात पुसले. "मंग इकून टाकतो मोटर," हे म्हणाले, आणि असं म्हणाले की मला तो चेहरा पाहवेना. ती गेली असती तर हे मळ्यातून घरी आणि घरातून मळ्यात गेले असते आणि पुन्हा कोणाकडे मान वर करून पाहिलं नसतं. मला माझा माणूस माहीत होता.

"इकू नोका," मी म्हटलं. "माहे कान हायेत नं. मी पुढं बसीन."

आणि बसले. डोक्यावर पदर, पुढच्या सीटवर, भर गावातून. गाव हसलं. पारावरचा एक म्हातारा म्हणाला, "वयनीनं लगाम धरला वाटते." हसू दिलं. रोज संध्याकाळी आम्ही रोहिणखेडकडच्या मोकळ्या रस्त्याला जायचो. माझा हात यांच्या गुडघ्यावर. एकदा दाबला की वरचा गिअर, दोनदा दाबला की खालचा, घट्ट धरून ठेवला की इंजिन बंद पडलं. चालवताना यांना माझ्या तोंडाकडे पाहता येत नव्हतं, म्हणून हात. यांनी चपला काढून ठेवल्या आणि अनवाणी पायाने चालवायला लागले. "हाये," एकदा म्हणाले. "थोडं थोडं लागते तळपायाले. लय दूर हाये, पन हाये." कधी कधी माझा हात दाबायच्या आधीच यांचा गिअर पडलेला असायचा. मग हे तिरक्या नजरेने माझ्याकडे पाहायचे, जिंकल्यासारखे.

शेजारणीच्या मुलीला कळा सुरू झाल्या त्या दिवसाउजेडी. तिचे लोक बैल जुंपत होते. मी तिच्या आईला बाजूला घेतलं आणि खरं ते सांगितलं, की मोटार आता हलत नाही, पण यांना ऐकू येत नाही. ठरव तू. आत मुलगी ओरडत होती.

"तुले येते नं ऐकू?" शेजारीण म्हणाली.

"येते."

"मंग चाल बाई, लौकर."

त्या वाटेवर मुलगी मागे आईच्या मांडीवर विव्हळत होती, आई देवाचा धावा करत होती. सगळ्या गाडीत एकटे हे शांत. रस्त्यावर नजर, अनवाणी पाय, आणि गुडघ्यावर माझा हात. यांना ती कळ ऐकू येत नव्हती, पण खड्डा आला की असे जपून काढायचे की जणू ती यांच्याच पाठीत उठत होती. वाटेत गाडी एकदाही बंद पडली नाही. दवाखान्याच्या दारात उभी केली आणि मुलीला आत नेलं.

आम्ही बाहेर ओट्यावर बसलो. बऱ्याच वेळाने आतून लेकराच्या रडण्याचा आवाज आला. मी यांचा दंड धरला, यांनी मान वर केली. शेजारीण डोळे पुसत बाहेर आली, मुलगी झाली म्हणून सांगून गेली.

परतीच्या वाटेवर खामगाव सोडल्यावर यांनी गाडी बाजूला घेतली आणि बंद केली. माझ्याकडे वळले.

"लेकरू रडलं काय वो?"

"हाव. लय रडलं."

"कसं?"

आता ते कसं सांगणार? मी रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहिलं. कोणी नव्हतं. मग मी, चांगली घरंदाज बाई, पुढच्या सीटवर बसून तोंड उघडलं आणि नुकत्या जन्मलेल्या लेकरासारखी रडून दाखवलं. हे माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. तेवढ्याने यांचं समाधान होईना. यांनी हात पुढे केला आणि तळवा माझ्या गळ्यावर ठेवला, हलकेच.

"अजून," हे म्हणाले.

मी पुन्हा रडून दाखवलं. या वेळी खरंच रडू येत होतं, त्यामुळे जमलंही चांगलं.

"हाव," हे म्हणाले, आणि यांचे डोळे भरून आले. "पोरगी दांडगी हाये."